भाच्याचं वावर

चोपडा तालुक्यातल्या एका घरातले दोन जण रात्री साडेअकराला पिकाला पाणी देत असतात. एक माझे दाजी. ते केळीच्या बागेत असतात, कारण त्या आठवड्यात शेतीच्या थ्री फेज लायटीची पाळी रात्रीची असते. दुसरा त्यांचा मुलगा, माझा भाचा. तो पांघरुणात असतो आणि त्याचा गहू मोबाइलमध्ये. त्याला लाईट चोवीस तास आहे, पण ताई अकराला झोपते, त्यामुळे त्याचीही पाळी रात्रीचीच. सकाळी एकाच्या पायाला चिखल असतो, दुसऱ्याच्या डोळ्याखाली काळी वर्तुळं, आणि ताई दोघांनाही एकच वाक्य ऐकवते : "या शेतीनं घराचं वाटोळं केलं."

पोराने शेती करू नये, हे ताईचं एकमेव ध्येय. त्यासाठी तिने त्याला इंग्रजी शाळेत घातलं, क्लास लावला आणि क्लाससाठी मोबाइल घेऊन दिला. मोबाइल हातात आल्यावर या पोराने बाकीचे सगळे उद्योग सोडून नेमकी शेती धरली. त्याच खेळात किल्ले बांधता येतात, खाणीत उतरून हिरे काढता येतात, ड्रॅगन मारता येतो. हा पठ्ठ्या गाजरं लावतो. रक्तातच असेल तर क्लासवाले तरी काय करणार!

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. ज्यांच्या घरी बारा-चौदा वर्षांचं पोरगं आहे त्यांना काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश माणसाने २००९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, २०११ मध्ये पूर्ण केला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो कंपनीसकट अडीच अब्ज डॉलरला घेतला. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींवर प्रती खपल्या होत्या. हे सगळं मी आमच्या आबांना, म्हणजे भाच्याच्या आजोबांना, मोठ्या हौसेने सांगितलं. अडीच अब्ज डॉलर ऐकून ते जराही हलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, जमीन बागायती की कोरडवाहू?

या जगात सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर चौकोनी, ढग चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. मोजणीवाल्यांना याहून सोयीची पृथ्वी देवालाही जमलेली नाही. खेळणारा तिथे रिकाम्या हातांनी उतरतो. सातबारा नाही, वारसनोंद नाही, भाऊबंदकी नाही. दिसेल ती जमीन आपली. गवत तोडलं की त्यातूनच गव्हाचं बी मिळतं. कुदळीचा एक टोला मारला की रान तयार. पेरल्यापासून पिवळा होईपर्यंत गव्हाच्या आठ अवस्था, आणि सगळं जमून आलं तर त्या अर्ध्या-पाऊण तासात उरकतात, कारण तिथला अख्खा दिवस आपल्या वीस मिनिटांचा. आपल्याकडे रब्बीचा गहू चार महिने घेतो, आणि तो सोंगायला यायच्या आठवड्यात अवकाळीही बरोबर वेळ साधून येतो.

दिवाळीच्या सुटीत भाचा मामाच्या गावाला येतो. मामाचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आबांनी जन्मभर शेती केली. आता ते ती ओट्यावर बसून करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या शेतीतल्या चुका काढतात. नातू शेजारी बसून मोबाइलमध्ये खणतोय म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"हाई काय शे रे भाऊ?"

"वावर आहे आबा. माझं."

"किती बिघं?"

"नऊ बाय नऊ."

नऊ बाय नऊचा चौकोन, त्याच्या बरोबर मधल्या घरात पाणी. एका घराचं पाणी चारही अंगांना चार-चार घरांपर्यंत ओल धरतं. म्हणजे एक्क्याऐंशी घरांपैकी एक पाण्याचं, ऐंशी पिकाची. हिशेब चोख आहे. आबांना तो आवडलाही. पण खानदेशातला माणूस हिशेबाने फार वेळ खूश राहत नाही, तो लगेच मुळाशी जातो.

"पानी कथाईन उनं?"

पोराने दाखवलं. दोन बाय दोनचा खड्डा खणायचा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत एक-एक बादली पाणी ओतायचं. चारही घरं काठोकाठ भरतात. मग त्या खड्ड्यातून हव्या तेवढ्या बादल्या उपसा, पाणी बोटभरही उतरत नाही. उन्हाळ्यात नाही, दुष्काळात नाही, कधीच नाही.

आबा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले. आमच्याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून, त्यांवर बंधारे घालून पाणी जिरवायला सुरुवात केली. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते काम राज्यभर गाजलं, पुढारी आणि अधिकारी बघायला येऊन गेले. तिकडे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर शेकडो फूट खाली गेल्या. एवढा सगळा उपद्व्याप, आणि उपाय निघाला दोन बादल्यांचा.

एक गोष्ट मात्र मला भाच्याला विचारावीशी वाटली. ठिबक सिंचन देशभर शेताशेतात नेणारे भवरलाल जैन जळगावचे. दाजींच्या बागेत प्रत्येक झाडाला थेंब मोजून पाणी आणि त्याच नळीतून खत. आणि त्या घरातला मुलगा बादलीने मोकाट पाणी देतो? "खेळात ठिबक नाही मामा," तो म्हणाला, "आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळायला मलाच लावतात. म्हणून तर मला हा खेळ आवडतो."

आबांचं समाधान अजून झालेलं नव्हतं. त्यांचा पुढचा प्रश्न पांझरेकाठचाच माणूस विचारू जाणे : "पाटकरी कोन शे?"

हा प्रश्न समजायला आमच्याकडची फड पद्धत माहीत हवी. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर काही शतकं गावांनी स्वतःच्या जबाबदारीवर शेती केली. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. यंदा कुठल्या फडात कुठलं पीक, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि एका फडात एकच पीक. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, दोघांचा मेहनताना धान्यात. पाटातला गाळ काढायचा तर घरटी माणूस. 'मी नाही येत' म्हणायची सोय नव्हती, कारण पाणी गावाचं होतं आणि गावाची स्मरणशक्ती चांगली होती. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीलाच खानदेशात आले आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. पुढे त्यांना भारतरत्न मिळालं. पाटकऱ्यांना अजून काही मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तर खेळात पाटकरी नाही. पाणी आपलं आपण जातं, कुणाची पाळी नाही, कुणी रात्री येऊन दुसऱ्याच्या पाटाचं तोंड आपल्याकडे फिरवत नाही. शिवाय एका फडात एकच पीक हा आमचा नियम तिथे उलटा आहे. एकाच पिकाच्या ओळी लागून लावल्या तर वाढ मंदावते; एक ओळ गहू, एक ओळ गाजर असं आलटून-पालटून लावलं तर पीक लवकर येतं. भाच्याला हे कळायला खेळाचे कितीतरी व्हिडिओ बघावे लागले. आबांनी ते ऐकून कापसातल्या तुरीच्या ओळींकडे नुसतं बोट दाखवलं.

आई इतका वेळ आत फराळाचं बघत होती. सोन्याचं नाव कानावर आलं तशी बाहेर आली. त्याचं झालं असं की भाच्याने कुदळ बदलली. या खेळात कुदळ लाकडाची होते, दगडाची, लोखंडाची, सोन्याची आणि हिऱ्याचीही. सोन्याची कुदळ सगळ्यात चपळ, पण टिकाऊपणात सगळ्यात कच्ची. बत्तीस-तेहतीस टोल्यांत संपते. आईचं माहेर जळगावचं. जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. तिथल्या बायका भाजीइतक्याच सहजपणे सोन्याचा भाव करतात. सोन्याची कुदळ मातीत घालतात हे बघून तिच्या जिवाचं पाणी झालं. मग तिने शांतपणे चौकशी केली : किती तोळ्याची? घडणावळ किती? आणि तुटल्यावर मोड देतात का? मोड देत नाहीत, कुदळ नाहीशीच होते, हे कळल्यावर तिने खेळाबद्दल जे मत दिलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

गाईवरही तिचा आक्षेप होता. तिथली गाय बादली लावली की दूध देते, लगेच पुन्हा लावली की पुन्हा देते, दिवसभर लावत बसलं तर दिवसभर देते. ढेप लागत नाही, चारा लागत नाही. वासरू हवं असेल तर दोन गाईंना थोडा-थोडा गहू चारायचा.

"नि बैल कोठे शे?" आबांनी विचारलं.

बैल नाही. त्या अख्ख्या जगात बैल नाही. वासरं कशी होतात हे आबांनी विचारलं नाही; पोळ्याला काय करतात एवढंच विचारलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळे. भाचा एकटा खेळत नाही. धुळ्याचे त्याचे दोन मित्र आणि आमच्याच गल्लीतला एक पोरगा, असे चौघे मिळून एकाच जगात राहतात. जग अफाट. चालत राहिलं तर महिनोन् महिने संपणार नाही एवढी जमीन, सगळी फुकट. मुंबई-पुण्याची मुलं अशा जगात काय करत असतील कोण जाणे, बहुधा एकमेकांपासून लांब घरं बांधत असतील. आमच्या चौघांनी पहिल्या दिवशी वावरं काढली ती एकमेकांना खेटून. आणि मध्ये कुंपण घातलं.

एके सकाळी भाचा रडकुंडीला आला. रात्रीतून त्याचं कुंपण एक ठोकळा आत सरकलं होतं. गाजराची अख्खी ओळ पलीकडे गेली होती.

आबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. इतके दिवस ते या खेळाकडे पोरकटपणा म्हणून बघत होते. आता पहिल्यांदा त्यांना त्यात शेती दिसली.

"बांध कोरा?" त्यांनी विचारलं.

"हो ना आबा!"

"कोना पोऱ्या शे तो?"

भाच्याने गल्लीतल्या पोराचं नाव सांगितलं. आबांचे डोळे बारीक झाले. "त्याना आजाबी तसाच व्हता," ते म्हणाले.

त्यानंतर तासभर आबांनी नातवाला जे मार्गदर्शन केलं ते कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. बांध कसा दर नांगरटीला वीतभर कोरतात, कोरलेली माती कशी आपल्याच बाजूला पसरतात, शेजारच्याशी त्या दिवशी मुद्दाम कसं जास्त गोड बोलतात, खुणेचा दगड कसा 'ट्रॅक्टरने उडाला' असतो. पाठोपाठ कोर्टातल्या जुन्या दाव्याची हकिगत झाली. तो दावा जितकी वर्षं चालला तितकं भाच्याच्या बापाचं वयही नसेल. पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी आबांनी तोडगा दिला : हद्दीला असा दगड पूर की तो कुणाला हलवता येणार नाही.

खेळात तसा दगड आहे. काळा कुळकुळीत, ऑब्सिडियन म्हणतात त्याला. साध्या हत्याराने तो मिळतच नाही, हिऱ्याचा टिकाव लागतो. भाच्याने दुपारभर खपून लाव्हावर पाणी ओतून तो तयार केला, खणून आणला आणि बांधाच्या चारही कोपऱ्यांना पुरला. आबा जातीने हजर होते, म्हणजे मोबाइलवर वाकून. 'अजून एक बोट पलीकडे सरकव' असा सल्लाही त्यांनी हळूच दिला. भाच्याने सांगितलं की इथे बोटभर सरकवता येत नाही, सरकवायचं तर अख्खा ठोकळा. "मग ठोकळा सरकव," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दगड आपल्या मूळ जागेच्याही एक ठोकळा आत आलेला होता. गल्लीतल्या पोराकडे हिऱ्याचा टिकाव होता.

प्रकरण वाढणार अशी चिन्हं होती, पण सुटी संपली आणि भाचा चोपड्याला गेला. आबा आता फोनवर नातवाच्या अभ्यासाची चौकशी करत नाहीत. 'बांध कसा आहे' विचारतात.

रात्रीचं मात्र आमचं आणि त्या खेळाचं बरंच जुळतं. सूर्य बुडाला की तिथे अंधारात झोंबी, सांगाडे, काय काय निघतं. म्हणून शेतात मशाली लावून ठेवायच्या; उजेड असला की पीकही वाढतं आणि भुतंही उगवत नाहीत. दाजीही रात्री बागेत जाताना हातात मोठी बॅटरी घेतात. सातपुड्याच्या पायथ्याला झोंबी नाही, बिबट्या आहे. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्यापायी दिवस मावळल्यावर शेताकडे फिरकायची लोकांची छाती नव्हती. खेळातला झोंबी निदान सकाळच्या उन्हात जळून जातो. आमच्या भुसावळच्या मे महिन्यात तर कोणीही जळून जाईल, त्यासाठी झोंबीच असायला हवं असं नाही. शिवाय तिथला नियम असा की माणूस लागोपाठ तीन रात्री झोपला नाही तर आकाशातून फँटम नावाची पाखरं त्याच्यावर झडप घालतात. दाजींची रात्रपाळी आठवडाभर चालते. त्यांच्यावर झडप घालायला ताई असते.

आणि तिथे माणूस मेला तर पुन्हा आपल्या खाटेवर उठतो. हे सांगितल्यावर आबा काही बोलले नाहीत, मीही विषय बदलला.

मजुरांचा प्रश्न त्या जगाने कसा सोडवला ते ऐकण्यासारखं आहे. आमच्याकडे सालदार ठरवायचा तो आखाजीला. आता साल लाखाच्या वर गेलंय, तरी माणूस मिळत नाही. मिळाला तर उचल घेऊन जातो आणि होळीपर्यंत दिसत नाही. खेळातल्या गावात शेतकरी म्हणून एक गावकरी असतो. तपकिरी झगा, डोक्यावर गवती टोपी. त्याला एक खाट आणि एक कंपोस्टची पेटी दिली की तो आपलं वावर आपणहून कापतो, आपणहून पेरतो, जास्तीचं धान्य गावकऱ्यांना वाटून टाकतो. उचल नाही, दारू नाही, फोन बंद नाही. दाजींनी हे ऐकून फक्त हात जोडले, मोबाइलला.

खताची तऱ्हा न्यारी. रात्री अंगावर आलेला सांगाडा मारला की हाडं मिळतात, हाडांची भुकटी केली की खत. ते टाकलं की पीक डोळ्यांदेखत वर येतं. आपल्याकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे, पण ऐन हंगामात दुकानदार तिच्याबरोबर काहीतरी 'लिंकिंग' गळ्यात मारतो : नको असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य, नको असलेली बाटली. सांगाडा निदान लिंकिंग करत नाही.

एवढं सगळं असून त्या जगात खानदेशच्या दृष्टीने एक भयंकर उणीव आहे. तिथे गहू आहे, गाजर, बटाटा, बीट, भोपळा, टरबूज, ऊस, अगदी कोको आहे. केळी नाही. कापूस नाही. जळगावच्या केळीला आणि तिथल्या भरताच्या वांग्याला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. स्वीडनला त्याची खबरच नाही. वांगं नाही म्हणजे थंडीतलं मळ्यातलं भरीत नाही. ज्वारी-उडीद नाही म्हणजे कळण्याची भाकरी नाही. तीन गहू एका ओळीत ठेवले की त्यांचा पाव होतो, दळण नाही, चूल नाही. तो कोरडा पाव खाऊन माणूस दिवसभर खाणीत उतरतो. आणि कापूस नसल्यामुळे त्या जगातलं सूत कोण देतं? कोळी. अंगावर येणारा भलामोठा कोळी मारायचा, त्याचं सूत काढायचं, चार सुतांची लोकर करायची. ज्या जिल्ह्याने उभा जन्म गुलाबी बोंडअळीशी झुंजण्यात घालवला त्याला हे वाचून काय वाटेल याचा विचार त्या मंडळींनी केलेला दिसत नाही.

कापूस नाही हे एका अर्थी बरंच. त्यांच्या पेटीत सत्तावीस खण, एका खणात चौसष्ट नग, म्हणजे १,७२८ गहू एका पेटीत मावतो आणि कितीही वर्षं ठेवला तरी किडत नाही. आमच्याकडे २०२२ साली कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या हंगामात भाव खाली आला, आणि 'चढेल, चढेल' म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. ओट्यावर कापूस, माजघरात कापूस, देवघराच्या दारापर्यंत कापूस. पाहुणा आला तर त्याला कापसावरच टेकायला सांगायचं. दहा मिनिटांत तो मान खाजवायला लागायचा, कारण साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. लहान पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. भाव काही उठला नाही.

आता भावाचंच बोलू. आबांचा शेवटचा प्रश्न तोच होता, सगळ्या शेतकऱ्यांचा असतो तो : "नि भाव काय शे?"

त्या झगेवाल्या शेतकऱ्याला गहू विकता येतो. वीस गव्हाला एक पाचू. सव्वीस बटाट्यांना एक पाचू, बावीस गाजरांना एक, पंधरा बिटांना एक. घेणाराही शेतकरीच, मध्ये अडत्या नाही, हमाली नाही, मापाडी नाही, वजनात कट्टी नाही. एकाच माणसाला सारखा माल ओतला तर मात्र तो थोड्या वेळाने व्यवहार बंद करतो आणि आपलं काम करून आल्यावर पुन्हा सुरू करतो. यात आबांना काही नवल वाटलं नाही. आवक वाढली की बाजार बंद, हे त्यांनी पाहिलेलं आहे. गावकऱ्यावर हात उचलला तर तो भाव पाडतो, यातही नाही. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. झोंबी झालेल्या गावकऱ्याला औषध देऊन बरं केलं, तर तो त्या माणसाला पुढे कायम चांगला भाव देतो. व्यापारी उपकार लक्षात ठेवतो. "हाई खेळच शे," आबा म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांची केळी चोपड्याची, भाव ठरतो तो बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून, म्हणजे परराज्यात, आणि खाणारा दिल्लीचा. नव्या लागवडीच्या नवती बागेला एक भाव, खोडव्याच्या पिलबागेला दुसरा. सकाळी व्हॉट्सअॅपवर भावाचा फोटो येतो, दुपारी व्यापारी बागेत येतो, आणि त्या दोन आकड्यांमध्ये जे अंतर असतं तेवढ्यात एखाद्या मुलाचं कॉलेज होतं. कंदापासून घड कापेपर्यंत वर्षभर ज्या झाडाला पोरासारखं वाढवलं, त्याचा दर त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळतो.

त्यांना या खेळाची नवलाई तशी कमीच, कारण खरी शेतीही आता बरीचशी मोबाइलवरच आहे. मोटार घरबसल्या फोन करून चालू करायची. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज मोबाइलवर, ओटीपी मोबाइलवर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात उभं राहून आपल्याच पिकाचा फोटो काढायचा आणि हे पीक इथे आहे असं सरकारला कळवायचं. दाजी बागेत मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत फिरतात, केळीची पानं गालावर आपटतात, आणि घरात भाचा मोबाइल पोटावर ठेवून गहू कापतो. कोणी परका माणूस आला तर दोघांमधला शेतकरी कोणता, हे त्याला ओळखता येणार नाही. मुलीकडची मंडळी आली तर मात्र दोघांनाही नाकारतील. त्यांना स्थळाला पंधरा एकर बागायत लागते, पण ती नोकरीवाल्याची.

माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग ही कंपनी स्टॉकहोममध्ये आहे. तिथल्या मंडळींना खानदेशातून एक विनंती. कापूस आणा, केळी आणा, भरताचं वांगं तर आणाच. बोंडअळी आणि करपा आणायची हौस असेल तर तीही भागवून घ्या, आम्हाला सवय आहे. बांध कोरायची सोय आधीच केलीत त्याबद्दल आभार. फक्त त्या झगेवाल्या शेतकऱ्याचा वीस गव्हाला एक पाचू हा दर तेवढा बदलू नका. आणि जमलं तर त्याला एकदा आमच्याकडे केळीच्या लिलावाला पाठवून द्या. जाण्या-येण्याचं भाडं दाजी द्यायला तयार आहेत.